ठिपक्यांचा संधिप्रकाश

आपल्या घरातील अल्तारावर किंवा ओटीवरच्या भिंतीवर प्रभू येशूच्या पवित्र हृदयाची जी तसबीर असते, ती आपण जन्मापासून पाहत आलेलो असतो. परंतु तीच तसबीर भिंगातून पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. वाचकांनी एकदा तसे जरूर पाहावे. दोन हातांवरून पाहिले तर गालावरची लाली गळ्यापाशी अलगद विरून जाते. मस्तकाभोवतीचे तेजोवलय सोनेरीतून फिक्या पिवळ्यात आणि पिवळ्यातून निळ्या पार्श्वभूमीत नेमके कोठे मिसळते, ते बोट ठेवून सांगता येत नाही. भिंग डोळ्याला लावले की मात्र लाली नाहीशी होते, तेजोवलयही नाहीसे होते. उरतात ते केवळ ठिपके. तसबीर पणजोबांच्या काळातील असेल, तर ते ठिपके कोणी लेखणीच्या टोकाने एकेक टोचल्यासारखे वेडेवाकडे दिसतात. अलीकडची असेल, तर कवायतीला उभ्या राहिलेल्या शिपायांसारखे ते रांगेत दिसतात.

या दोन प्रकारच्या ठिपक्यांमध्ये जवळजवळ पावणेचारशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. एका रंगाची छटा दुसऱ्या छटेत पायरी न दाखवता कशी उतरवावी, हा त्या इतिहासाचा विषय. प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या पायी कोणाचे दिवाळे निघाले, कोणाचे हातचे कसब कायमचे गेले, आणि कोणी आयुष्याची उत्तम वर्षे एका अंधाऱ्या खोलीत वेचली. त्यांपैकी काहींची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

मुळात चित्रकाराची अडचण वेगळी आणि छापखान्याची वेगळी. चित्रकार कुंचला पाण्यात बुडवून रंग पातळ करू शकतो. सांजेचे आकाश रंगविताना ओल्या कागदावर शेंदरी रंग निळ्यात सोडून देऊ शकतो. ठशाच्या छपाईला ही मुभा नाही. ठशाला शाई लागते किंवा लागत नाही. कागदावर ती उमटते किंवा उमटत नाही. अर्धी शाई, पाव शाई ही भाषा तिला कळत नाही. मग काळा आणि पांढरा यांच्यामधला तो अफाट करड्या रंगाचा प्रदेश छापायचा कसा?

जपानी कारागिरांनी हा प्रश्न हाताने सोडविला. हिरोशिगे या चित्रकाराच्या १८५६ ते १८५८ या काळातील एडो शहराच्या दृश्यमालिकेत आकाशाचा गडद निळा रंग क्षितिजाकडे येता येता कागदाच्या पांढरेपणात विरघळतो. तेथे लाकडी ठसा सपाटच असे. छापणारा कारागीर प्रत्येक प्रतीच्या वेळी ओलसर ठशाच्या एका कडेला रंग लावी आणि ब्रशाने तो फिका करीत नेई. या क्रियेला ‘बोकाशी’ म्हणतात. परिणाम मोहक, पण प्रत्येक प्रत थोडी निराळी, आणि सारी मदार एका मनगटावर. हजारो प्रती झपाट्याने काढायच्या असतील, तर हा मार्ग परवडणारा नव्हता.

काळोखातून उजेड

युरोपात या प्रश्नाला पहिले समर्थ उत्तर दिले ते एका लष्करी पेशाच्या माणसाने. लुडविग फॉन झिगेन याने १६४२ साली हेसे-कासेलच्या राजमाता अमेलिया एलिझाबेथ यांचे एक व्यक्तिचित्र तांब्याच्या पत्र्यावरून छापले. त्यापूर्वीचे कोरक्ये पत्र्यावर रेघा कोरीत. सावली दाखवायची तर रेघा दाट, उजेड दाखवायचा तर विरळ. झिगेनने रेघेलाच फाटा दिला. त्याच्या मार्गाने पुढे जाऊन जी पद्धत पक्की झाली, ती अशी : बारीक दात्यांच्या अर्धगोल पात्याने पत्रा सर्व बाजूंनी टोचून खरखरीत करायचा. असा पत्रा छापला तर मखमलीसारखा गडद काळा रंग उमटतो. मग जेथे उजेड हवा, तेथे तो खरखरीतपणा खरवडायचा, घोटायचा. जितके अधिक घोटावे, तितका पत्रा कमी शाई धरतो आणि तितकी छटा फिकी होते. इतर कोरक्ये पांढऱ्यावर काळे काढीत होते. या पद्धतीचा कारागीर काळोखातून उजेड बाहेर काढू लागला. ‘मेझोटिंट’, म्हणजे मधली छटा, हे तिचे नाव सार्थ आहे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ती पुढे पुन्हा पुन्हा भेटणार आहे. छटा गुळगुळीत दिसावी म्हणून पत्रा आधी खडबडीत करावा लागला.

याच पद्धतीवर फ्रँकफुर्ट येथे १६६७ साली जन्मलेल्या याकोब क्रिस्टोफ ल ब्लाँ याने एक धाडसी इमला उभारला. न्यूटनने प्रकाशाचे सात रंग मोजले होते. ल ब्लाँचे म्हणणे असे, की छापण्यासाठी लाल, पिवळा आणि निळा हे तीनच पुरेत. एकाच चित्राचे तीन मेझोटिंट पत्रे करायचे, प्रत्येक पत्र्यावर त्या त्या रंगाचा वाटा तेवढा ठेवायचा आणि एकाच कागदावर ते एकामागून एक छापायचे. पुढे त्याने काळ्याचा चौथा पत्राही जोडला. आज जगभर चाललेली चौरंगी छपाई तत्त्वतः हीच होय. १७१९ साली त्याला इंग्लंडच्या राजाकडून सनद मिळाली आणि नामांकित चित्रांच्या रंगीत प्रती विकण्यासाठी लंडनमध्ये संस्था निघाली. पण कोणत्या रंगाचा वाटा कोठे किती, हे ठरविणारे यंत्र तेव्हा नव्हते. ते सारे ल ब्लाँच्या नजरेवर अवलंबून होते, आणि नजर दुसऱ्याला शिकविता येत नाही. पत्रे नाजूक, काहीशे प्रतींनंतर झिजणारे. खर्च अवाच्या सवा. संस्था बुडाली. ल ब्लाँ पॅरिसला गेला आणि १७४१ साली तेथेच वारला. त्याचे तत्त्व बरोबर होते. ते पेलणारे साधन यायला अजून दीड शतक होते.

दगडाचा कण

दरम्यान दुसरीकडून एक दगड मदतीला आला. बव्हेरियातील आलोइस झेनेफेल्डर हा नाटककार आपली नाटके स्वस्तात छापण्याच्या खटपटीत होता. १७९६ साली धोब्याच्या कपड्यांची यादी लिहायला हाताशी कागद नव्हता, म्हणून त्याने ती मेणमिश्रित शाईने जवळच्या चुनखडी दगडावर खरडली, अशी हकिगत त्याने स्वतःच सांगितली आहे. तेल आणि पाणी यांचे परस्परवैर हे त्यातून १७९८ पर्यंत सिद्ध झालेल्या शिळाछापाचे मर्म. तेलकट खडूने काढलेला भाग शाई घेतो, ओला ठेवलेला बाकीचा दगड ती झिडकारतो. झोलनहोफेन गावच्या खाणींतील दगड त्यासाठी सर्वोत्तम ठरला.

शिळाछापाचे वैभव दगडाच्या पृष्ठभागात होते. दगड वाळूने घासून त्यावर बारीक कण उठवीत. खडू हलका फिरविला की तो कणांच्या टोकांनाच लागे. दाबून फिरविला की खोलगटीही भरे. त्यामुळे खडूच्या दाबासरशी छटा चढे आणि उतरे. येथेही गुळगुळीत छटेचा जन्म खरखरीतपणातूनच झाला.

१८३७ साली मुलूझचा गोदफ्रवा एंगेलमान याने रंगीत शिळाछापाचा हक्क नोंदविला, आणि चित्रांचे जग पालटले. आता एकेका चित्रासाठी दहा-दहा, वीस-वीस दगड तयार होऊ लागले : फिका पिवळा, गडद पिवळा, गुलाबी, लाल, करडा, दोन-तीन निळे, आणि वर काळा. प्रत्येक दगडावर त्या रंगाचे ठिपके लेखणीने टोचण्यासाठी वेगळे कारागीर असत. मूळ चित्र पाहून गालाच्या एका वळणात गुलाबी किती, करडा किती, हे ते मनाशी ठरवीत आणि महिनोन्‌महिने ठिपके देत बसत. संतांची चित्रे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून साध्या कुटुंबांच्या भिंतीवर आणि प्रार्थनापुस्तकाच्या पानांत पोहोचली, ती याच कारागिरांच्या डोळ्यांच्या मोलाने. त्यांची नावे चित्राखाली छापली जात नसत.

मळवलीचे दगड

ही विद्या आपल्याकडे येण्यास फार वेळ लागला नाही. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी चित्रशाळा काढली आणि तिची देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची शिळाछाप चित्रे महाराष्ट्रभर गेली. पुढे राजा रविवर्मा यांना, आपली तैलचित्रे युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात, अशी सूचना सर टी. माधवराव यांनी केली होती. रविवर्मा यांनी चित्रे परदेशी पाठविण्याऐवजी छापखानाच येथे आणला. १८९४ साली मुंबईत गिरगावात त्यांचा कारखाना उभा राहिला. त्यांचे बंधू राजराजवर्मा आणि जर्मनीहून आलेले तंत्रज्ञ हे त्याचे आधारस्तंभ होते. शकुंतलेचा जन्म हे चित्र आरंभीच्या छपाईपैकी होय.

तैलचित्राचे सारे लावण्य छटांच्या संक्रमणात असते. रविवर्मांच्या दमयंतीचा किंवा लक्ष्मीचा चेहरा घ्या. कपाळावरचा उजेड हनुवटीखालच्या सावलीत जाईपर्यंत कोठेही रेघ नाही. ते छापायचे म्हणजे एकावर एक दगड चढवीत जाणे, आणि प्रत्येक दगडाचा ठसा केसभरही न सरकता आधीच्या ठशावर बसविणे. शेवटी वार्निश देऊन आणि कागदावर कापडाचा पोत उठवून त्याला तैलचित्राचा भास आणीत. १८९६ पासूनच्या प्लेगच्या धामधुमीत मुंबईतील काम विस्कळीत झाले आणि १८९९ साली कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभी कर्जाच्या भाराने रविवर्मांना तो आपले जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. चित्रे घरोघर पोचली. ती पोचविणाऱ्याच्या पदरी तोटा आला. ल ब्लाँची आठवण व्हावी, असाच हा योग. १९७२ साली या छापखान्याला आग लागली आणि त्यातील बराच ठेवा भस्मसात झाला.

याच छापखान्यासाठी काम केलेल्या एका तरुणाला मात्र दगडापुढचे युग दिसले होते. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९०८ साली स्वतःचा ठसे कोरण्याचा व छपाईचा कारखाना काढला, तो पुढे दादरला ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने चालला. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी व आणण्यासाठी ते जर्मनीस गेले. भागीदारांशी न पटल्याने त्यांनी हा धंदा सोडला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु उजेड-सावलीचे शिक्षण त्यांना छपाईच्या ठशांनीही दिले होते.

काचेची जाळी

फाळके जर्मनीला गेले, तेव्हा तेथे चाललेले नवे तंत्र म्हणजे हाफटोन. त्याचे बीज जुने होते. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या फॉक्स टॅल्बट याने १८५२ सालीच छायाचित्र आणि धातूचा पत्रा यांच्यामध्ये जाळीदार कापड ठेवून पाहिले होते. कल्पना अशी, की अखंड छटेला जाळीतून गाळले, तर तिचे सुटे तुकडे पडतील आणि ते तुकडे छापता येतील. म्यूनिकच्या गेओर्ग माइझेनबाख याने १८८२ साली रेघांच्या काचेचा वापर करून हे व्यवहारात आणले. एकदा उजेड दिल्यावर तो काच वळवून पुन्हा उजेड देई. अमेरिकेत फिलाडेल्फियाचा फ्रेडरिक आइव्ह्ज उभ्या-आडव्या रेघांच्या जाळीपर्यंत पोहोचला, आणि त्याच शहरातील लेव्ही बंधूंनी १८९० च्या दशकात अशा काचा अचूक बनविण्याची कला साध्य केली. काचेवर सूक्ष्म रेघा कोरायच्या, त्यांत काळे भरायचे, आणि अशा दोन काचा एकमेकींशी काटकोनात चिकटवायच्या. इंचाला शंभर, सव्वाशे, दीडशे रेघा.

अशा जाळीमागून छायाचित्र घेतले, की जेथे उजेड अधिक तेथे एक मापाचा ठिपका, जेथे कमी तेथे दुसऱ्या मापाचा. ठिपक्यांच्या जागा ठरलेल्या, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. बदलतो तो केवळ त्यांचा आकार. शाई सर्वत्र तितकीच काळी, पण लहान ठिपक्यांभोवती कागदाचा पांढरेपणा जास्त, म्हणून डोळा तेथे फिकट करडा रंग पाहतो. छपाईचा ‘आहे किंवा नाही’ हा हट्ट कायम राहिला आणि तरीही सर्व छटा हाती आल्या. उरलेले अर्धे काम वाचणाऱ्याच्या डोळ्यावर सोपविले गेले.

या काचेने एक व्यवसाय बुडविला. नियतकालिकांसाठी लाकडावर चित्रे कोरणारे शेकडो कोरक्ये युरोप-अमेरिकेत होते. पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले त्यांचे कसब दोन-तीन दशकांत निरुपयोगी झाले. छटा छापण्याच्या इतिहासात हे अनेकदा घडले आहे. जे साधन एकाला मार्ग दाखविते, ते दुसऱ्याच्या हातचे काम काढून घेते.

कलकत्त्याची अंधारी खोली

जाळी हाती आली, पण ती वापरायची कशी? काच आणि छायाचित्राची काचपट्टी यांत अंतर किती ठेवावे, भिंगाचे छिद्र केवढे ठेवावे, याविषयी कारखान्यांतून अंदाजपंचे चाले. अंतर थोडे चुकले की मधल्या छटा गिळल्या जात आणि चेहऱ्यावर डाग पडत. हा गोंधळ गणिताने सोडविणाऱ्यांत एक नाव कलकत्त्याचे आहे : उपेंद्रकिशोर राय चौधरी.

मैमनसिंग जिल्ह्यात १८६३ साली जन्मलेले उपेंद्रकिशोर मुलांसाठी लिहीत आणि स्वतः चित्रेही काढीत. त्यांच्या मुलांच्या रामायणासाठी काढलेली चित्रे लाकडी ठशांत इतकी बिघडून छापली गेली, की त्यांनी स्वतःच ठसे करायचे ठरविले. १८९५ च्या सुमारास इंग्लंडहून कॅमेरा, जाळ्या, रसायने मागवून त्यांनी घरातच कारखाना थाटला. शिकवायला कोणी नव्हते. होती ती पुस्तके आणि स्वतःची बुद्धी. जाळीचे प्रत्येक छिद्र हा जणू एक स्वतंत्र सूक्ष्म कॅमेराच आहे, त्यातून येणाऱ्या उजेडाची आणि त्याच्या कडेच्या अर्धसावलीची भूमिती मांडता येते, आणि त्यावरून अंतर व छिद्र यांचे नाते काढता येते, या विचाराने ते पुढे गेले. लंडनहून निघणाऱ्या ‘पेनरोझ’ या छपाईविषयक वार्षिकात १८९७ पासून पंधरा वर्षांच्या काळात त्यांचे लेख येत राहिले : जाळीचे अंतर, ठिपक्याचे स्वरूप, साठ अंशांची जाळी, अनेक छिद्रांचा वापर. मुद्रणव्यवसायाच्या केंद्रांपासून हजारो मैल दूर बसलेल्या, कोणत्याही मुद्रणविद्यालयात न शिकलेल्या माणसाचे लेख त्या व्यवसायातील जाणकार वाचीत होते.

त्यांचे पुत्र सुकुमार १९११ साली इंग्लंडला गेले आणि लंडन व मँचेस्टर येथे त्यांनी हीच विद्या शिकली. १९१३ साली ‘संदेश’ हे मुलांचे मासिक निघाले. पहिल्या अंकांतील रंगीत चित्रे पाहताना, त्यांच्या मागे दोन दशकांची साधना आहे, हे त्या बालवाचकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १९१५ साली उपेंद्रकिशोर गेले, १९२३ साली काळाआजाराने सुकुमार ऐन पस्तिशीत गेले, आणि काही वर्षांत छापखानाही कुटुंबाच्या हातून गेला. सुकुमारांचा दोन वर्षांचा मुलगा मागे राहिला होता. त्याचे नाव सत्यजित. फाळक्यांप्रमाणे याही घरात छपाईच्या छटांमागून चित्रपट आला.

कोन आणि गुलाबपुष्पे

एका रंगाची छटा साधली. आता तीन-चार रंगांचे ठिपके एकावर एक आले, की नवाच उपद्रव उभा राहिला. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरून पाहा. त्यांत पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी दिसते, आणि एक किंचित वळविली की ती नक्षी पसरते किंवा आकसते. छपाईत याला मॉयरे म्हणतात. आकाशाच्या निवांत निळाईत अशी नक्षी उठली, की चित्र वाया गेले.

उपाय कोनाचा. प्रत्येक रंगाची जाळी निरनिराळ्या कोनात फिरवायची आणि मुख्य रंगांत तीस अंशांचे अंतर ठेवायचे. मग तरंगांची नक्षी इतकी बारीक होते, की ठिपक्यांची लहान लहान गुलाबपुष्पे तेवढी दिसतात, तीही भिंगातून. काळा सर्वांत उठून दिसणारा, म्हणून त्याला पंचेचाळीस अंश दिले जातात, कारण तिरप्या रांगा माणसाच्या डोळ्याला सर्वांत कमी जाणवतात. पंधरा आणि पंचाहत्तर अंशांवर निळा व किरमिजी. चौथ्याला तीस अंशांची जागा उरत नाही. म्हणून सर्वांत फिका असा पिवळा शून्यावर, शेजाऱ्यांपासून पंधरा अंशांवर, बसतो. त्याची चूक डोळा पोटात घालतो.

रंग वेगळे करण्याचे कामही कॅमेऱ्याने उचलले. मॅक्सवेलने १८६१ साली तीन रंगांच्या गाळण्यांतून रंगीत प्रतिमा दाखविली होती. बर्लिनच्या फोगेलने १८७३ साली, विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली की छायाचित्राच्या काचपट्टीला हिरवा-पिवळा प्रकाशही दिसू लागतो, असा शोध लावला. १८९३ साली न्यूयॉर्कच्या विल्यम कुर्ट्झने फळांचे तीन रंगांतील हाफटोन चित्र छापून दाखविले. ल ब्लाँची नजर जे करीत होती, ते आता भिंग आणि गाळणी करू लागली.

फुगणारा ठिपका

परंतु यंत्र आले म्हणून कारागिराची नजर निवृत्त झाली नाही. शाई कागदात पसरते. छापताना ठिपका दाबाने फुगतो. पत्र्यावर निम्मी जागा व्यापणारा ठिपका वर्तमानपत्राच्या कागदावर सत्तर टक्क्यांच्या आसपास भरू शकतो. शिवाय चौकोनी ठिपके वाढत वाढत नेमके निम्म्यावर आले, की त्यांचे चारही कोपरे एकदम शेजाऱ्यांना चिकटतात आणि छटा अचानक उडी घेऊन काळवंडते. गालाच्या हळुवार सावलीत ही उडी आली, की चेहऱ्यावर डाग दिसतो. म्हणून लंबगोल ठिपक्याची योजना झाली. त्याची टोके आधी जुळतात आणि बाजू नंतर. एका मोठ्या धक्क्याचे दोन लहान धक्के होतात. दुसऱ्या टोकाला, अगदी फिक्या छटेत, एक-दोन टक्क्यांचा ठिपका पत्र्यावर किंवा कागदावर टिकतच नाही, आणि विरत जाणारे आकाश मध्येच कापल्यासारखे संपते. रंगांचा समतोल हीही नाजूक बाब. निव्वळ करडा रंग हवा असेल, तर तिन्ही रंग समान घेऊन चालत नाही. शाई शुद्ध नसते, म्हणून निळा पन्नास टक्के असेल तर किरमिजी आणि पिवळा चाळीसच्या आसपास ठेवावे लागतात.

वाचकांनी दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे पाहिलेली असतील. गोमंतकात जन्मलेल्या या दोघा चित्रकारांनी विसाव्या शतकाच्या मध्याला मराठी दिवाळी अंकांना रूप दिले. मुळगावकर तर फवाऱ्याने रंग देऊन कुंचल्याची खूणही न राहणाऱ्या मऊ छटा निर्माण करीत. ती मूळ चित्रे पाहून आपण चित्रकाराला दाद देतो. पण तो मऊपणा हजारो प्रतींत टिकला, तो ठसे करणाऱ्या अनाम माणसांमुळे. आम्लाचा हात थोडा अधिक झाला तर गाल पांढराफटक, कमी झाला तर काळा. पुढे ऑफसेटच्या काळात हीच माणसे उजेडाच्या टेबलावर फिल्म ठेवून, कुंचल्याने रसायन लावून, ठिपके एकेका भागात बारीक करीत. संगणक आल्यावर हे कसबही लाकडावरच्या कोरकामाच्या वाटेने गेले.

दोनशे छप्पन्न पायऱ्या

१९८४ साली ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही पान-वर्णनाची भाषा आली आणि पाठोपाठ लेसर किरणांनी फिल्म उजळणारी यंत्रे आली. आता ठिपका काचेच्या जाळीतून गाळावा लागत नव्हता. लेसरचे सूक्ष्म बिंदू एका चौकोनात भरून तो घडविता येई. इंचाला २४०० बिंदू आणि १५० रेघांची जाळी असेल, तर एका चौकोनात सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ बिंदू बसतात. रिकामा चौकोन धरून २५७ छटा. पुरेशा वाटतात ना? पण जाळी दुप्पट बारीक करावी म्हटले, तर चौकोनात आठ गुणिले आठ, चौसष्टच बिंदू उरतात. बारीकपणा वाढविला की छटा घटतात, असा हा व्यवहार आहे.

आणि येथे जुने दुखणे नव्या रूपात परत आले. समजा, तीस सेंटिमीटर रुंदीच्या भित्तिपत्रकावर दहा टक्के निळ्यापासून चाळीस टक्क्यांपर्यंतचे आकाश हवे आहे. तीस टक्क्यांच्या वाट्याला २५६ पैकी सुमारे ७७ पायऱ्या येतात. प्रत्येक पायरी जवळजवळ चार मिलिमीटर रुंद. आकाशाऐवजी पट्ट्यापट्ट्यांचा पडदा दिसतो. दोन शेजारच्या पायऱ्यांत फरक नाममात्र असतो. पण एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ साली दाखवून दिले, की दोन छटा जेथे भेटतात, तेथे माणसाचा डोळा फरक वाढवून पाहतो. गडद बाजू कडेला अधिक गडद भासते, फिकी अधिक फिकी. जो डोळा ठिपक्यांना क्षमा करतो, तोच पायरीला करीत नाही.

यावर उपाय काय निघाला? सुबक पायऱ्यांच्या त्या आकाशात मुद्दाम थोडा गोंधळ मिसळायचा. प्रत्येक बिंदूची छटा यदृच्छेने किंचित खालीवर करायची, म्हणजे पायरीची कड मोडते, डोळ्याला धरायला रेघ सापडत नाही, आणि आकाश पुन्हा अखंड होते. १९९३ साली तर काही कंपन्यांनी रांगेतले ठिपकेच सोडून दिले. सर्व ठिपके एकाच सूक्ष्म आकाराचे, पण विखुरलेले. जेथे गडद हवे तेथे दाट, जेथे फिके हवे तेथे विरळ. रांगाच नाहीत, म्हणून मॉयरेही नाही. १९९७ साली ‘पोस्टस्क्रिप्ट’च्या तिसऱ्या आवृत्तीत अखंड छटांची सोय भाषेतच झाली. पुढे फिल्मही गेली. आता लेसर थेट पत्र्यावर लिहितो.

विखुरलेले सूक्ष्म ठिपके भिंगातून पाहिले, की मन चरकते. हे तर दगडाचे कण. हा तर मेझोटिंटचा खरखरीत पत्रा. साडेतीनशे वर्षे फिरून छपाई जेथून निघाली होती, तेथेच पोहोचली.

या इतिहासाचा मथितार्थ एका वाक्यात सांगता येईल : नितळपणा हा नेहमी कणांतून घडला, खोट्या सुबकपणाने त्याचे पट्टे पाडले. मात्र त्या कणांची किंमत कोणी मोजली, हेही विसरू नये. कर्जात बुडालेला ल ब्लाँ, कारखाना विकावा लागलेले रविवर्मा, अंधाऱ्या खोलीत गणिते करणारे उपेंद्रकिशोर यांची नावे निदान आपल्याला ठाऊक आहेत. ज्यांनी दगडावर महिनोन्‌महिने ठिपके टोचले, लाकूड कोरले, फिल्मवर कुंचला चालविला, त्यांची ठाऊक नाहीत. त्यांचे काम उत्तम झाले याची खूण एवढीच, की ते कोणाला दिसले नाही.

म्हणून भिंग खाली ठेवावे आणि ती जुनी तसबीर पुन्हा दोन हातांवरून पाहावी. लाली परत येते, तेजोवलय परत येते. मात्र आता त्यामागे बसलेली, डोळे बारीक करून पुढचा ठिपका देणारी एक वाकलेली पाठही दिसू लागते.